पोलिसाच्या खिशातला बटणाचा चाकू

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते, दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मी कात्र्यांना तेल देत बसलो होतो. माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, नाशकात, रविवार कारंजाच्या अलीकडे, कात्र्या, विळे, कुलपं, साखळ्या असलं सगळं. तेवढ्यात आमच्याच गल्लीत वाढलेला एक पोरगा आला. आता पोलीस शिपाई आहे, भरती होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. पाणी प्यायला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, बटणाचा चाकू मिळेल का हो? खटका दाबला की उघडतो तसला."

मी म्हटलं, "अरे, असले चाकू सापडले म्हणून तुम्हीच पोरांना आत टाकता ना? तुला कशाला पाहिजे?"

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी गप्पच झालो. आदल्या दिवशी द्वारका चौकाच्या पुढे एका बाईकवाल्याच्या गळ्याला नायलॉन मांजा गुंडाळला गेला होता. हा तिथेच ड्युटीवर. मांजाचं दुसरं टोक कुठल्यातरी गाडीच्या चाकात गेलेलं, म्हणजे कधीही ओढ बसली असती, म्हणून याने डाव्या हाताला तो मांजा गुंडाळून धरून ठेवला, आणि उजव्या हाताने कापायला खिशात काहीच नाही. शेवटी टपरीवरच्या पानवाल्याने पानं कातरायची कात्री घेऊन धाव घेतली. पोराने तळहात दाखवला, चार बोटांवर चार आडव्या रेघा, ओल्याच होत्या अजून. "एका हाताने उघडता आला पाहिजे काका, दुसरा हात मोकळा नसतोच कधी."

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. पोलिसाने ड्युटीवर बटणाचा चाकू बाळगला तर ते कायद्यात बसतं का, आणि बसत असलं तरी बाळगावा का? दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, आणि आपल्याकडे पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा कुणी विचारतच नाही.

आधी कायदा बघू. मी वकील नाही, पण धंदाच असा आहे की काय विकायचं आणि काय नाही हे माहीत करून घ्यावंच लागतं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात शस्त्र म्हणजे काय तर हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी म्हणून बनवलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची वस्तू त्यात येत नाही, आणि साधी लाठीसुद्धा येत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. नियमांमध्ये जी धारदार हत्यारं मोजलीत त्यात पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद असं माप दिलंय, आणि घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं वगळलीत. म्हणजे हा कायदा मुख्यतः माप बघतो आणि वस्तू कशासाठी बनवलीय ते बघतो. बटणाचं नाव त्यात ठळकपणे येत नाही.

बटणाकडे बघितलं ते दिल्लीने. १९८० मध्ये तिथल्या प्रशासनाने अधिसूचना काढली आणि बटणदार, स्प्रिंगवाले, गरारीवाले (दातेरी चक्री असलेले) असे चाकू मुद्दाम त्यात घातले, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर. म्हणजे तीन इंचाच्या पात्यावरसुद्धा, तेही केवळ बटण आहे म्हणून. अमेरिकेने १९५८ मध्ये असल्या चाकूंवर देशपातळीवर कायदा केला, तिथल्या कायद्यात एक अपवाद मला फार माणुसकीचा वाटतो, ज्याला एकच हात आहे त्याला तीन इंचापर्यंतच्या पात्याचा असा चाकू जवळ ठेवायची सूट आहे. म्हणजे एका हाताने उघडायची गरज खरी असू शकते हे त्या कायद्यालाही मान्य आहे. ब्रिटनने १९५९ मध्ये बंदी घातली. सगळीकडे कारण तेच, हा चाकू खिशातून क्षणात उघडतो, आणि भांडणात तेवढा क्षण पुरतो.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे खरी पकड आहे ती महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ ची. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, आणि त्यात तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या, लाठ्या, शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू, सगळंच येतं. दगड जमा करणंसुद्धा येतं. आदेश मोडला तर कलम १३५ खाली वर्षभरापर्यंत कैद. नाशकात सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चे-आंदोलनांच्या वेळी असे पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघत असतात, पेपरात छोट्या अक्षरात येतात आणि आपण ते न वाचता पान उलटतो. त्या आदेशांच्या शेवटी साधारण एक वाक्य असतं, ज्या शासकीय कर्मचाऱ्याला वरिष्ठांच्या आदेशानुसार कर्तव्यासाठी हत्यार जवळ ठेवणं आवश्यक आहे त्याला हे लागू नाही. आणि शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्येही तेच आहे, लोकसेवकाने आपलं कर्तव्य बजावताना शस्त्र बाळगलं तर हा कायदा त्याला लागू होत नाही.

मग झालं की, पोलिसाला मोकळीक आहे! असं तो पोरगाही म्हणाला. पण मी त्याला म्हटलं की बाबा ते वाक्य परत वाच. "लोकसेवक आहे म्हणून" असं नाही लिहिलेलं. "कर्तव्य बजावताना" असं लिहिलंय. सूट कामाला आहे, माणसाला नाही. संध्याकाळी ड्युटी संपली, टीशर्ट घालून कॉलेज रोडला चहा प्यायला गेलास आणि तोच चाकू खिशात राहिला, तर तू आणि बाजूच्या टेबलावरचा पोरगा कायद्यापुढे सारखेच. आणि ड्युटीवर असतानासुद्धा, तो चाकू तुला कोणी दिला, कोणत्या कामासाठी दिला, कुठे नोंद आहे, हे कुणी विचारलं तर काय सांगणार? "माझ्या पैशाने घेतला, बरा पडतो म्हणून ठेवलाय" हे वरिष्ठांच्या आदेशात बसत नाही.

माझ्या मते कायदेशीर उत्तर एवढंच आहे. ड्युटीवर, कामाच्या गरजेसाठी, वरिष्ठांना माहीत असून बाळगला तर चालतं. स्वतःच्या मर्जीने खिशात टाकलेला असेल तर ती सूट फार लंगडी आहे.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. दुकान बाजारात असल्यामुळे मला दोनदा पंच म्हणून बोलावलंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पोराकडे चाकू सापडला होता. टेबलावर एक लाकडी पट्टी, शाळेत असते तसली, तिने चाकू मोजला, एकूण लांबी इतकी, पात्याची इतकी, मुठीची इतकी, पात्याला एका बाजूने धार, मूठ पिवळ्या धातूची, मुठीवर खटका, असं सगळं हवालदार बोलत गेले आणि रायटर लिहीत गेला, अंदाजे किंमत रुपये शंभर. मग तो खाकी कागदात गुंडाळला, दोरा बांधला, मेणबत्तीवर लाख वितळवून सील केलं, आणि आम्हा दोघा पंचांच्या सह्यांचं लेबल त्यावर लावलं. लाखेचा तो वास अजून लक्षात आहे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की एका शंभर रुपयांच्या चाकूभोवती किती काळजी घ्यावी लागते, कारण उद्या कोर्टात वकील विचारणार की हा चाकू त्याच्याच खिशातून निघाला कशावरून.

आणि ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट झाली होती. झडती घ्यायच्या आधी पोलिसांनी स्वतःची अंगझडती आम्हा पंचांना दिली. ही जुनी पद्धत आहे, पंचनाम्यात तसं वाक्यही येतं. हवालदारांनी दोन्ही हात वर केले, मी संकोचून त्यांच्या खिशांवरून हात फिरवला, पाकीट, मोबाईल, पेन, तंबाखूची पुडी. कशासाठी? तर पोलिसाने स्वतःच्या खिशातली वस्तू आरोपीच्या खिशात टाकली नाही हे दिसावं म्हणून. आता विचार करा, त्या खिशात माझ्या हाताला बटणाचा चाकू लागला असता तर? मी पंच म्हणून काय लिहायचं होतं? एक चाकू पोलिसाच्या खिशात, एक आरोपीच्या, दोन्ही सारख्याच बनावटीचे, दोन्हींची नोंद कुठेच नाही. तो हवालदार अगदी देवमाणूस असला तरी केस तिथेच मेली. आणि जो देवमाणूस नाही त्याच्या हातात आपण काय देतोय याचा विचार केला तर झोप येत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलंय. चांगली गोष्ट आहे. पण कॅमेरा सुरू व्हायच्या आधीचा खिसा कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून बेनंबरी, बेनोंदी चाकू पोलिसाच्या अंगावर असूच नये, कायद्याने सूट असली तरीही. त्याची पिस्तूल बघा, तिला नंबर आहे, शस्त्रागाराच्या रजिस्टरमध्ये सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची, एक गोळी कमी आली तर चौकशी. एवढी शिस्त आपण बंदुकीला लावली आणि तीन इंचाच्या पात्याला मोकळं सोडलं तर ती शिस्त अर्धवटच राहिली.

लॉकअपचं पण तसंच. आत टाकताना आरोपीचा पट्टा काढून घेतात, करदोडा काढतात, पायजम्याची नाडीसुद्धा काढतात, म्हणजे तो स्वतःला इजा करणार नाही. आणि त्याला आत ढकलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात एका बटणावर उघडणारं पातं? झटापटीत हिसकायला किती वेळ लागतो.

इथे माझा एक भाचा मला नेहमी अडवतो, तो म्हणतो मामा तुम्ही पोलिसांच्या जिवाचा विचार करत नाही, समोरचा कोयता घेऊन येतो. मी करतो. आमच्या शहरात कोयते नाचवत गाड्या फोडणारी पोरं आम्ही बघितलीत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी गुंडांना धरायला सुरुवात केली आणि त्यांच्या तोंडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असं वदवून घेतल्याचे व्हिडिओ गावभर फिरले तेव्हा आमच्या बाजारातल्या माणसांना खरंच हायसं वाटलं होतं. पण कोयत्यासमोर चाकू काढणं हा बचाव नाही. कोयता लांबून येतो, चाकूला जवळ जावं लागतं. लाठी लांब आहे, तिने अंतर राखता येतं, म्हणून ती शेकडो वर्षं टिकलीय. ढाल, हेल्मेट, अंगावरचं जॅकेट आणि वेळेवर येणारा दुसरा माणूस, पोलिसाचा जीव ह्याने वाचतो.

तुकाराम ओंबळे साहेब आठवा. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी, समोर एके-४७ आणि यांच्या हातात लाठी. सहायक उपनिरीक्षक होते. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपण त्यांच्या धैर्यावर बोलतो आणि बोललंच पाहिजे, पण त्यांच्या हातात लाठीच का होती हे आपण तितक्या जोराने विचारत नाही. म्हणून त्या पोराने माझ्याकडे चाकू मागितला तेव्हा मला राग त्याचा आला नाही. स्वतःच्या पगारातून हत्यार विकत घ्यायची वेळ शिपायावर येते, याचा आला. सरकारने द्यायची वस्तू शिपाई बाजारात हळू आवाजात मागतोय.

आणि द्यायची वस्तू कोणती, तर चाकू नव्हेच. हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो, पात्यात माझे केस पांढरे झालेत. बटणाच्या चाकूत पातं स्प्रिंगवर ताणून बसवलेलं असतं आणि एका छोट्या खिळीवर अडवलेलं असतं. खिशातली धूळ, तंबाखूची भुकटी, पावसाचं पाणी त्यात गेलं की एक तर ते अर्धं उघडतं, नाहीतर नको तेव्हा उघडतं. आणि त्याला असतं टोक. टोक भोसकायला लागतं, कापायला लागत नाही. गळ्याला मांजा रुतलाय आणि तुम्ही टोकदार पातं त्या गळ्यापाशी नेताय, बाईकवाला घाबरून हलला की मांजाने नाही मेला तो तुमच्या चाकूने मरेल.

त्यापेक्षा बिनटोकाचा कटर असतो. हुकासारखा आकार, आतल्या खाचेत ब्लेड, बाहेरून बोट लावलं तरी कापत नाही. मांजा, सीटबेल्ट, दोरी त्या खाचेत अडकवायची आणि ओढायची. उघडायचं काही नाही, बटण नाही, स्प्रिंग नाही, एका हाताने काम होतं. काहींना मागे एक कठीण धातूचं टोक असतं, त्याने गाडीची बाजूची काच कोपऱ्यात मारली की तिचा चुरा होतो, समोरची काच वेगळी असते, ती तशी फुटत नाही. शेकड्यात मिळणारी वस्तू आहे ही, हजारातली नाही. आणि तिने कुणी कुणाला भोसकू शकत नाही, म्हणून मनाई आदेशाचा, पंचनाम्याचा, लॉकअपचा वर सांगितलेला बराचसा घोळ आपोआप मिटतो.

ह्याची गरज नाशिककरांना समजावून सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट, मिर्ची हॉटेलच्या चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली बस ट्रकला धडकून पेटली, १२ माणसं गेली. मी त्या दिवशी सकाळी पंचवटीत बहिणीकडे होतो, तिथपर्यंत बातमी आली तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. पुढच्या वर्षी १ जुलैला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ जण गेले, बस दरवाजाच्या बाजूवर पडली होती आणि जे वाचले ते काचा फोडून बाहेर आले. अशा आगीत पहिल्या दोन-चार मिनिटांतच काय ते होतं, फायर ब्रिगेड पोचेपर्यंत ती निघून जातात. त्या वेळात कधी पोलिसाची गस्तीची गाडी तिथे पोचते, कधी रस्त्यावरचा माणूस. पोलिसाच्या कमरेला काच फोडायचं काहीतरी असेल तर एखादा जीव जास्त वाचेल. आणि अजून एक काम, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. घरात कुणी फास लावून घेतला की कळवल्यावर आधी शिपाईच आत जातो, आणि श्वास चालू असायची शक्यता असेल तर तो फास कापायला त्या घरातल्या बाईकडेच भाजीची सुरी मागावी लागते. ती सुरी ती बाई परत कधी हातात घेऊ शकेल का? त्या पोराने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

आता कुंभ तोंडावर आलाय. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली तेव्हा ३९ माणसं गेली, आमच्या पिढीला तो दिवस विसरता येत नाही. गर्दी अडवायला बांबू बांधतात, सुतळीने, काथ्याने, नायलॉनच्या दोरीने. बांधताना गाठी पक्क्या मारतात आणि तसंच पाहिजे. पण रेटा आला आणि ती अडवणूक एका क्षणात मोकळी करायची वेळ आली तर त्या ओल्या गाठी नखांनी सुटणार आहेत का? हजारो पोलीस बाहेरून बंदोबस्ताला येतील, त्यातल्या प्रत्येकाला जेवणाचं पाकीट आणि पाण्याची बाटली मिळेल, तसा एक कटर मिळायला काय हरकत आहे. महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्याच त्र्यंबक रोडवर आहे, राज्यातले फौजदार इथे घडतात, ही वस्तू कशी वापरायची हे शिकवायला तिथे एक दुपार पुरेल.

ह्याच कुंभात साधू त्रिशूळ, तलवारी घेऊन मिरवणुकीत चालतील आणि आपण हात जोडू. शिखांना कृपाण बाळगायचा हक्क तर घटनेच्या कलम २५ मध्येच स्पष्ट केलाय. निफाडचा मजूर द्राक्षाच्या छाटणीची कात्री पिशवीत घालून बाईकवर फिरतो. आपला समाज पात्याला घाबरणारा नाही, पातं कशासाठी आहे हे विचारणारा आहे, आणि कायदाही तेच विचारतो. माझ्या चुलतभावाला एकदा नाकाबंदीत याच कात्रीवरून अर्धा तास उभं केलं होतं, शेतकरी आहेस कशावरून म्हणून. तेव्हा त्याने सातबारा दाखवायची तयारी केली होती. शेतकऱ्याला जर पात्याचं कारण सांगावं लागतं तर पोलिसालाही सांगता आलं पाहिजे, कागदावर, नंबरासकट.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. वैयक्तिक बटणाचे, खटक्याचे चाकू ड्युटीवर नकोत असा लेखी आदेश निघावा, आणि त्याच आदेशात पुढच्या ओळीत प्रत्येक शिपायाला बिनटोकाचा कटर सरकारी खर्चाने, नंबर टाकून, रजिस्टरला नोंदवून द्यावा. पहिली ओळ काढायची आणि दुसरी विसरायची असं करू नका, नाहीतर ती पोरं पुन्हा पानवाल्याची कात्री शोधत पळतील.

त्या पोराला मी बटणाचा चाकू दिला नाही. माझ्याकडे ठेवतच नाही मी. मागे एका ट्रान्सपोर्टवाल्याने मागवलेले सीटबेल्ट कापायचे दोन कटर उरले होते, त्यातला एक काढून दिला. त्याने दुकानातली जाड नायलॉनची दोरी घेतली, डाव्या हाताला गुंडाळली आणि उजव्या हाताने कापून बघितली, एकदा, मग परत एकदा. पैसे नको म्हटलं तर ऐकेना, बिल पाहिजे म्हणाला, साहेबांना दाखवून डायरीला नोंद करतो. मग भांड्यांवर नाव घालायचं माझं मशीन कोपऱ्यात दिसलं त्याला. "काका, ह्याच्यावर माझा बक्कल नंबर घालून देता का?" मी मशीन लावलं आणि मुठीवर आकडे कोरून दिले, हात हलू नये म्हणून चष्मा लावून, सावकाश.